रजिस्टर लग्नानंतर पुन्हा संस्कारांकडे: एका परतीची हकिकत

कॅथलिक घरात जन्मलेल्या, पण चर्चबाहेर रजिस्टर पद्धतीने लग्न केलेल्या व्यक्तीला पुन्हा पापनिवेदनाला (धर्मगुरूंपुढे पापे कबूल करायला) आणि कम्युनियनला (मिस्सा म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेत ख्रिस्तप्रसाद घ्यायला) जायचे असेल, तर नेमके काय करावे लागते, कोणते कागद लागतात आणि किती थांबावे लागते, याची माहिती मला सुरुवातीला कोणाकडूनही एकत्रित मिळाली नाही. जी मिळाली ती ऐकीव होती आणि बरीचशी चुकीची होती. म्हणून माझ्या बाबतीत घडले ते क्रमाने लिहून ठेवत आहे. मी मूळची वसईची, सध्या बोरिवलीत राहते. माझे पती हिंदू आहेत. आमचे लग्न २००९ मध्ये १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, तीस दिवसांची नोटीस देऊन झाले. त्या वेळी चर्चमध्ये परवानगी मागावी असे मला वाटले नाही, कारण परवानगी मागितली तर घरच्यांना बोलायला एक व्यासपीठच मिळेल असा माझा हिशेब होता.

आधी एक गैरसमज दूर करते. असे लग्न केले म्हणून चर्च कोणाला बहिष्कृत करत नाही. कॅथलिक व्यक्तीने धर्मगुरू आणि दोन साक्षीदार यांच्यासमोर विवाह केला पाहिजे, असा चर्चचा नियम आहे. तो पाळला नसेल आणि त्यातून सूटही घेतलेली नसेल, तर तो विवाह चर्चच्या दृष्टीने वैध ठरत नाही. त्यामुळे पापमुक्ती (पापनिवेदनानंतर धर्मगुरू देतात ती क्षमा) आणि कम्युनियन घेता येत नाही. मिस्साला जाणे, प्रार्थना करणे, नोव्हेनाला (नऊ दिवसांच्या प्रार्थनेला) उभे राहणे, दानधर्म करणे हे सगळे करता येते, किंबहुना करावे अशीच अपेक्षा असते. मला हे ठाऊक नव्हते. मी पहिली काही वर्षे शेवटच्या बाकावर बसत असे, पुढे फक्त नाताळला जाऊ लागले आणि नंतर तेही सुटले.

जुलै २०२४ मध्ये माझे वडील वारले. अंत्यविधीच्या मिस्सात कम्युनियनच्या वेळी आमचा सगळा बाक रिकामा झाला आणि मी व माझी मुलगी अशा दोघीच बसून राहिलो. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. "आई, तुला का नाही देत?" असे तिने विचारले तेव्हा मी "नंतर सांगते" म्हणाले. सांगण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

त्यानंतर सप्टेंबरमध्ये, वांद्र्याच्या जत्रेच्या आठवड्यात, उपनगरातील एका चर्चमध्ये मी कोणालाही न सांगता पापनिवेदनाच्या रांगेत उभी राहिले. आमच्या आजीच्या तोंडी पापनिवेदनासाठी 'कुमसार' हा शब्द असे आणि ती दर महिन्याला जात असे; मी मात्र शाळा सुटल्यापासून फारशी गेले नव्हते. जाळीपलीकडच्या वयस्क फादरांना मी माझ्या लग्नाची हकिकत सांगितली. त्यांनी मध्ये न तोडता सगळे ऐकून घेतले आणि मग शांतपणे सांगितले की, आज ते मला पापमुक्ती देऊ शकत नाहीत. जी स्थिती आज संध्याकाळी घरी गेल्यावर तशीच चालू राहणार आहे, ती बदलण्याचे पाऊल उचलल्याशिवाय पापमुक्तीचे शब्द उच्चारणे योग्य होणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यांनी मला आशीर्वाद दिला आणि तुमच्या राहत्या भागातील पॅरिशमध्ये, म्हणजे त्या भागाच्या चर्चमध्ये, जाऊन विवाह नियमित करण्याबद्दल विचारा, असे सांगितले. त्या दिवशी मी रडत बाहेर पडले आणि दार लावून घेतले गेले आहे असेच मला वाटले. आता मागे वळून पाहता त्या फादरांनी मला दाराचा नेमका पत्ता दिला होता. कोणाच्या बाबतीत असे घडले तर तेथेच थांबू नये, एवढेच सांगेन.

त्यापेक्षा अवघड होते ते घरी बोलणे. पतीला मी सगळे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे माझ्याशी लग्न केलंस हे पाप होतं, असं तू तिथे जाऊन सांगणार?" याचे उत्तर मला देता आले नाही. पुढे पॅरिशच्या फादरांसमोर मी हाच प्रश्न जसाच्या तसा मांडला. त्यांचे उत्तर असे होते की, ज्या माणसाशी तुम्ही प्रामाणिकपणे संसार केला त्याच्यावरील प्रेमाचा पश्चात्ताप करा, असे चर्च कधीच सांगत नाही. तसे असते तर चर्चने तोच विवाह वैध करून देण्याची तरतूद ठेवली नसती. पश्चात्ताप करायचा तो या गोष्टीचा की, आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय घेताना तुम्ही देवाला मुद्दाम बाहेर उभे केले. मी हे घरी येऊन पतीला सांगितले. त्याला ते पूर्ण पटले असे नाही, परंतु "मग कागद काय लागतील ते विचार" असे तो म्हणाला, आणि आमच्या घरात होकार याच भाषेत दिला जातो.

ऑक्टोबरमध्ये मी पॅरिश कार्यालयात गेले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: आपल्याला आवडणाऱ्या चर्चमध्ये नव्हे, तर आपण ज्या पॅरिशच्या हद्दीत राहतो तेथे जावे लागते. त्या पॅरिशमध्ये माझी नोंदच नव्हती, त्यामुळे पहिले काम कुटुंबाची नोंदणी करण्याचे होते. मुंबईच्या महाधर्मप्रांतात (आर्चबिशपांच्या अधिकारक्षेत्रात) प्रत्येक पॅरिश लहान ख्रिस्ती समूहांमध्ये विभागलेली असते आणि आमच्या इमारतीच्या समूहाच्या प्रमुख बाई दोन गल्ल्या पलीकडे राहतात हे मला त्या दिवशी कळले. त्या घरी येऊन चहा घेऊन गेल्या आणि त्यांनी माझ्या लग्नाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. कार्यालयाच्या वेळा आधी फोन करून विचाराव्यात. बहुतेक ठिकाणी दुपारी कार्यालय बंद असते आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते. नोकरी करणाऱ्या माणसाला हे साधत नाही, त्यामुळे फादरांना भेटायची वेळ संध्याकाळच्या मिस्सानंतरची मागून घेणे सोयीचे पडते.

फादरांनी जी यादी सांगितली ती अशी होती. माझा स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) दाखला, तोही नव्याने काढलेला आणि सहा महिन्यांपेक्षा जुना नसलेला, मी यापूर्वी चर्चमध्ये कोणाशीही विवाह केलेला नाही याची खात्री देणारे पत्र, पतीचे प्रतिज्ञापत्र, आमच्या रजिस्टर लग्नाचा दाखला, दोघांची ओळखपत्रे आणि छायाचित्रे. लहानपणीचा दाखला घरी जपून ठेवलेला असला तरी तो चालत नाही. याचे कारण असे की, स्नानसंस्काराच्या मूळ नोंदवहीतच त्या व्यक्तीच्या दृढीकरणाची (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा दृढ करणाऱ्या संस्काराची) आणि विवाहाची नोंद केली जाते, त्यामुळे ताजा दाखला हाच ती व्यक्ती विवाहाला मोकळी असल्याचा पुरावा ठरतो. ही पद्धत मला आवडली. माणूस कितीही भटकला तरी त्याची नोंद ज्या पानावर सुरू झाली त्याच पानावर चालू राहते.

त्या पानासाठी मला वसईला जावे लागले. माझा स्नानसंस्कार झाला तेव्हा वसई मुंबईच्याच महाधर्मप्रांतात होती. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. कागद दुसऱ्या धर्मप्रांतातून आणायचे म्हणजे त्यावर आणखी कोणाचा शिक्का लागेल का, अशी मला धास्ती होती. पण नोंदवह्या ज्या त्या धर्मग्रामातच (पॅरिशमध्येच) राहिलेल्या आहेत आणि माझ्या बाबतीत तेथील फादरांची सही व शिक्का पुरला. अडचण निघाली ती नावाची. नोंदवहीतील माझ्या आडनावाचे स्पेलिंग आणि आधारकार्डावरील स्पेलिंग यांत एका अक्षराचा फरक होता. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे पत्र भावाने आणि मावशीने सही करून दिले आणि ते मान्य झाले. मी यापूर्वी चर्चमध्ये विवाह केलेला नाही याची साक्षही त्या दोघांनीच दिली. सहीसाठी भावाच्या घरी बसावे लागले, आणि वडिलांच्या आजारपणानंतर आम्ही दोघे एका टेबलाशी पहिल्यांदाच इतका वेळ बसलो. दाखला काढताना जन्मतारीख, आईवडिलांची पूर्ण नावे आणि शक्य असल्यास स्नानसंस्काराचे वर्ष लिहून न्यावे, म्हणजे जुन्या वह्या उलगडणाऱ्याचा वेळ वाचतो. दाखल्यासाठी मी शंभर रुपये देणगी दिली.

पतीच्या प्रतिज्ञापत्रात, त्याचा माझ्याखेरीज अन्य कोणाशीही विवाह झालेला नाही, एवढाच मजकूर होता. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभर रुपयांच्या मुद्रांकाची जागा पाचशेच्या मुद्रांकाने घेतली असल्यामुळे त्याचा खर्च वाढला, आणि नोटरीचे पैसे वेगळे. रजिस्टर लग्नाच्या दाखल्याची आमच्याकडील प्रत पावसात भिजून पुसट झाली होती, म्हणून नवी प्रमाणित प्रत काढावी लागली आणि त्यातच नोव्हेंबर संपला. एकूण खर्च दोन हजारांच्या आत राहिला. पापनिवेदनाला कोणतेही शुल्क नसते हे सांगायची गरज नसावी, पण माझ्या एका हिंदू मैत्रिणीने तसे खरोखर विचारले होते, म्हणून लिहिते.

डिसेंबरमध्ये काही होणार नाही हे फादरांनी आधीच सांगितले होते. आगमनकाळ (नाताळआधीचे चार आठवडे) आणि नाताळ यांत पॅरिशचे कार्यालय आपल्यासारख्यांच्या फायलींसाठी रिकामे नसते. ज्यांना घाई आहे त्यांनी पावसाळ्यातच सुरुवात करावी. मी त्या महिन्यात दर रविवारी मिस्साला जाऊ लागले. कम्युनियनच्या वेळी जागेवर बसून मनातल्या मनात प्रभूला बोलवावे, असे फादरांनी सुचवले होते. पहिल्या रविवारी ती पाच मिनिटे मला फार लांब वाटली. नंतर नंतर त्या वेळेत मी वडिलांसाठी प्रार्थना करू लागले आणि मग ती वेळ कमी पडू लागली.

जानेवारीत मुलाखत झाली. फादरांनी आम्हा दोघांना स्वतंत्रपणे बसवून छापील प्रश्नावलीतील प्रश्न विचारले: लग्नाला संमती स्वेच्छेने आहे का, कोणाचा दबाव आहे का, विवाह आयुष्यभराचा आहे असे मानता का, मुलांबद्दल काय विचार आहे. नव्या जोडप्यांना त्याआधी विवाहपूर्व अभ्यासक्रम करावा लागतो. आमचा संसार बराच जुना असल्यामुळे फादरांनीच काही संध्याकाळी आमच्याशी बोलून ते काम पूर्ण केले. सर्वांत नाजूक भाग होता तो वचनांचा. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाह करण्यासाठी बिशपांच्या अधिकारातील सूट लागते आणि त्यासाठी कॅथलिक व्यक्तीला दोन गोष्टी लिहून द्याव्या लागतात: आपली श्रद्धा सोडणार नाही, आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावे यासाठी आपल्या परीने सर्व प्रयत्न करीन. पतीला कोणतेही वचन द्यावे लागत नाही. पत्नीने काय वचन दिले आहे याची त्याला स्पष्ट कल्पना दिली जाते, एवढेच. धर्मांतराचा तर प्रश्नच येत नाही. सासूबाईंना हीच एक भीती होती आणि ती फादरांनी स्वतः त्यांच्याशी मराठीत बोलून दूर केली. त्यावर त्या म्हणाल्या, "मग आमच्या सुनेशीच आमच्या मुलाचं पुन्हा लग्न लावताय होय!" आणि विषय संपला.

पतीने पुन्हा संमती उच्चारायला नकार दिला असता तर काय झाले असते, असे मी विचारले होते. अशा वेळी, दोघांची मूळ संमती टिकून असेल, तर ती नव्याने न घेता विवाह मुळापासून वैध ठरवण्याची तरतूदही चर्चच्या कायद्यात आहे आणि त्यासाठी बिशपांकडे अर्ज करावा लागतो. ज्यांचे जोडीदार चर्चमध्ये यायला तयार नाहीत त्यांनी याबद्दल जरूर विचारावे, कारण ही गोष्ट आपणहून कोणी सांगेलच असे नाही.

आमची फाइल कुलाब्याला आर्चबिशपांच्या कचेरीत गेली. २५ जानेवारी २०२५ रोजी कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांच्या जागी जॉन रॉड्रिग्ज यांनी महाधर्मप्रांताची धुरा घेतली, आणि आता सगळे लांबणार असे मी गृहीत धरले. पाच मार्चला राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस होता. एकदा उपवासकाळ लागला की विवाहाचे विधी शक्यतो ईस्टरनंतर ढकलले जातात. परंतु सूट मिळाल्याचे पत्र फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आले आणि शनिवार, १ मार्च हा दिवस ठरला.

आदल्या संध्याकाळी मी पापनिवेदनाला गेले. मराठीतून बोलता यावे म्हणून फादरांनी वसईकडच्या एका धर्मगुरूंना विनंती केली होती. मुंबईत हे मागता येते आणि संकोच न करता मागावे. रांगेत उभे राहून घाईत बोलण्यापेक्षा वेळ घेऊन बसणे इतक्या वर्षांनंतर अधिक बरे. चर्चची अपेक्षा अशी असते की, गंभीर पापे त्यांच्या प्रकारासह आणि आठवेल तितक्या प्रमाणात सांगावीत. प्रामाणिकपणे आठवूनही जे विसरले जाते तेही क्षमेत येते. मी आठवडाभर दहा आज्ञा पुढे ठेवून वहीत टिपून काढत होते आणि त्यातून मला अनपेक्षित गोष्ट कळली. लग्नाबद्दल सांगायला दोन वाक्ये पुरेशी होती. वहीची पाने भरली होती ती वडिलांशी धरलेल्या अबोल्याने, भावाबद्दलच्या कडवटपणाने आणि "त्यांनीच मला दूर केले" या वाक्याने, जे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आले होते. चर्चपासूनचे अंतर म्हणजे एक न भरलेला फॉर्म आहे असे मानणे मला सोयीचे होते, कारण फॉर्म भरता येतो.

आत काय बोलले ते माझ्यापाशीच राहील. फादरांच्या बाजूने तर ते कायमचेच बंद आहे. पापनिवेदनातील गोष्ट उघड करणाऱ्या धर्मगुरूला चर्चच्या कायद्यात बहिष्काराची शिक्षा आहे. पश्चात्तापाची प्रार्थना मला अर्ध्यावरच आठवेनाशी झाली, तेव्हा त्यांनी समोरच्या कार्डाकडे बोट दाखवले. मग त्यांनी माझ्या दिशेने हात पुढे करून पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पापमुक्ती दिली. मोठा हुंदका येईल असे मला वाटले होते. तसे झाले नाही. मला फक्त खूप भूक लागली आणि बाहेर पडून मी वडापाव खाल्ला. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी काही प्रार्थना सांगितल्या होत्या आणि शिवाय एका व्यक्तीला फोन करायला सांगितले होते. प्रार्थना त्याच रात्री झाल्या. फोनला अधिक दिवस लागले.

शनिवारचा विधी मिस्साविना, वाचने आणि प्रार्थनांसह साधेपणाने झाला. जोडीदाराचा बाप्तिस्मा झालेला नसेल तर सहसा असेच करतात. साक्षीदार कॅथलिकच असावेत असे बंधन नाही, म्हणून एक माझा भाऊ होता आणि दुसरी माझी नणंद. अंगठ्या जुन्याच होत्या. पतीने संमतीचे शब्द कागद न पाहता म्हटले; त्याने ते लोकलमध्ये पाठ केले होते, हे मला नंतर नणंदेकडून कळले. आमचे कायदेशीर लग्न २००९ पासूनचेच कायम आहे, या विधीने त्यात काही बदललेले नाही. चर्चच्या नोंदवहीतील विवाहाची तारीख मात्र १ मार्च २०२५ ही आहे. रविवारी मिस्साआधी एक तास काही न खाता गेले आणि बाकातील इतरांबरोबर उठले.

विधीनंतर एक काम उरते, ते विसरू नये. ज्या चर्चमध्ये विवाह झाला तेथून स्नानसंस्काराच्या चर्चला कळवले जाते आणि तेथील मूळ नोंदीपुढे विवाह नोंदवला जातो. हे आपोआप होते, पण टपालात राहून जाऊ शकते. मी मे महिन्यात वसईला गेले तेव्हा नोंद झाल्याची खात्री करून घेतली.

मुलीचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. सात वर्षांवरील मुलांचा बाप्तिस्मा त्यांच्या स्वतःच्या इच्छेने आणि शिकवणीनंतर होतो. जूनमध्ये शाळेबरोबर रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्गही सुरू झाले तेव्हा तिने जाऊन पाहायचे ठरवले. काही रविवारी ती जाते, काही रविवारी बाबांबरोबर फुटबॉलला जाते. माझे वचन प्रयत्नांचे आहे, निकालाचे नाही, असे फादरांनी मला सही करण्यापूर्वीच समजावून सांगितले होते, आणि तिच्या वर्गाची फी मी वर्षभराची भरून ठेवली आहे.